दुसरी हाक

रचना टीचरचा घसा बसला तो काही एका दिवसात बसला नाही. शहापुरात जन्मलेल्या माणसाचा घसा तसाही लहानपणापासूनच कामाला जुंपलेला असतो. घरात माग, शेजारी माग, समोरच्या घरात माग. दिवसभर ती खटखट चालू असताना स्वयंपाकघरातल्या आईला बोलवायचं तर तीन-तीन हाका माराव्या लागायच्या, आणि तिसऱ्या हाकेलाही ती "काय गं" म्हणेल याची खात्री नसायची. लग्न झालं तर नवरा मिळाला उद्यमबागेतल्या कारखान्यातला. रविराज दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात उभा राहून घरी यायचा आणि टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचा. जेवायला वाढलंय हे त्याला सांगायचं म्हणजेसुद्धा ओरडणंच. वर ही मास्तरकी. "माझा जन्म हाका मारण्यात गेला," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शाळा बेळगुंदीच्या पलीकडं, एका वाडीवर. मराठी माध्यमाची, सरकारी. दोन खोल्या, एक व्हरांडा, कडेला बिसी ऊटाची, म्हणजे पोरांच्या दुपारच्या गरम जेवणाची खोली. समोर भाताची आणि रताळ्यांची शेतं, शेतांच्या पुढं तळं, आणि तळ्याच्या पलीकडं काजूची जुनी बाग. मोठ्या वर्गांना हेडमास्तर यल्लाप्पा सर बघायचे, म्हणजे मीटिंगला गेले नसतील त्या दिवशी. पहिली, दुसरी, तिसरी अशी सगळी बारकी पोरं एकाच खोलीत, रचना टीचरच्या पदरात. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, दुसरीला पाढे द्यायचे, तेवढ्यात तिसरी भिंतीवर चढलेली असायची. संध्याकाळी बसमध्ये बसली की तिला स्वतःचं नाव सांगायचंही त्राण उरत नसे.

डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "गाठी आल्यात. ओरडणं बंद करा, नाहीतर आवाजच जाईल." साखर कमी करा म्हटल्यासारखं सहज म्हणाला. ओरडणं बंद करून बारक्या पोरांना शिकवायचं म्हणजे पाण्यात न उतरता म्हैस धुवायची. पण आवाज गेला तर नोकरीचं काय, हा विचार तिला बसमध्ये, चुलीपुढं, आंघोळ करतानाही सोडेना.

त्यातून पेटीची कल्पना निघाली. कल्पना चांगली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरात एक जुना मोबाईल पडून होता, एक बारका स्पीकर होता. शाळा सुरू झाली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तिचा आवाज नेमका मोकळा लागला. तेवढ्यात तिनं रिकाम्या वर्गात बसून सगळ्या पोरांची नावं एकेकदा रेकॉर्ड केली. पुढं पोरांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाकडून एकेक कोडं मोबाईलमध्ये बोलून घेतलं. कोडी पोरांनी घरातनं आणली होती, आज्यांकडनं, काकवांकडनं. मग अंड्यांचा रिकामा खोका घेतला. पोरांनी त्याला बटणांचे डोळे चिकटवले, टीचरनं आणलेल्या साडीच्या काठाच्या तुकड्याचं तोंड केलं, आणि आत मोबाईल-स्पीकर ठेवला. बटण दाबलं की पेटी टीचरच्या आवाजात कुणाचंही एक नाव घ्यायची. त्या पोरानं "हजर टीचर" म्हणायचं, की पेटीतनं दुसऱ्या कुणाचं तरी कोडं ऐकू यायचं. ते त्यानं सोडवायचं. हजेरी झाली, ऐकणं झालं, बोलणं झालं, आणि टीचरचा घसा खर्ची पडला नाही. तोवर ती बाकीच्यांच्या पाट्या तपासणार.

पहिल्या दिवशी पेटी म्हणाली, "भरमू."

नावाच्या आधी टीचरची बांगडी टेबलाला लागल्याचा बारीक आवाज होता. सगळ्याच नावांच्या आधी तो आला होता. काढायचा राहून गेला.

भरमू पेटीकडं टक लावून बसला. बाकीच्यांचेही कान पेटीकडंच.

"भरमू, तुझं नाव आलं ना?"

"आलं की टीचर."

"मग हजर का म्हणत नाहीस?"

"एकदाच आलं."

तिला वाटलं, पोर टिंगल करतंय. पण दुसरं नाव आलं तेव्हाही तेच, तिसऱ्यालाही तेच. मग तिच्या ध्यानात आलं की हजेरीलासुद्धा ही पोरं कधी पहिल्या हाकेला बोलत नाहीत. इतके दिवस तिला वाटायचं, लक्ष नसतं.

मधल्या सुट्टीत तिनं स्वयंपाकाच्या अक्काताईला विचारलं. अक्काताई वाडीचीच, पसाभर तांदूळ सुपात घेऊन खडे वेचत बसली होती.

"आमच्यात एका हाकेला ओ देत न्हाईत, टीचर," ती म्हणाली. "बागंकडनं हाक येती कवा कवा. आपल्या माणसाच्याच आवाजात येती. पर एकदाच येती. माणूस असंल तर परत मारतंय की."

"आणि कुणी ओ दिली तर?"

अक्काताईनं एक खडा उचलून लांब टाकला. "कशाला द्यायची?" ती म्हणाली, आणि परत सुपात बघायला लागली.

आता खरं म्हणजे नावं दोन-दोनदा रेकॉर्ड करणं काही अवघड नव्हतं. अर्ध्या तासाचं काम. पण रचना टीचरला राग आला. अक्काताईचा नव्हे, दुसऱ्या हाकेचा. जन्मभर दुसरी हाक, तिसरी हाक मारून ती विटली होती. एकदा बोलावल्यावर माणसानं "ओ" म्हणावं, एवढंच तर तिला पाहिजे होतं. तिनं रंगीत चांदण्यांचं पाकीट आणलं आणि सांगितलं, जो पहिल्या हाकेला हजर म्हणेल त्याच्या पाटीवर चांदणी. दुसऱ्या हाकेला काही नाही.

चांदणीपुढं कुणाची आजी टिकते? गणपती यायच्या आत पोरं अशी तयार झाली की नाव पुरतं व्हायच्या आत "हजर टीचर" यायचं. टीचरला बरं वाटलं. खूप दिवसांनी ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत गेली.

आणि ऋतिका बोलली.

ही ऋतिका दुसरीतली. आईबाप गोव्याकडं बांधकामावर, पोरगी आजीजवळ, तळ्याच्या काठच्या घरात. पहिलीचं अख्खं वर्ष ती शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर; पेटीत कोडं नव्हतं ते एका तिचंच. तिची आजी मालुबाई सांगायची, "घरात लई बोलती वो. गप बस म्हणावं लागतंय." पण शाळेच्या उंबऱ्याला पाय लागला की तोंडाला कुलूप. यल्लाप्पा सर म्हणाले होते, तपासून घ्या, मुकी असेल. रचना टीचरनं ते ऐकून सोडलं होतं. ती पोरीशेजारी बसायची, चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची. काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी पेटी म्हणाली, "ऋतिका." आणि कोपऱ्यातनं सुईच्या टोकाएवढा आवाज आला, "हजर टीचर."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. टीचरनं तिच्या पाटीवर चांदणी चिकटवली, डोक्यावर हात ठेवला, आणि बिसी ऊटाच्या खोलीत जाऊन पदर तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काही हाताला लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालुबाई पदरात रताळी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. रताळी टेबलावर ठेवता ठेवता तिनं विचारलं, "कितव्या हाकंला बोलली?"

"पहिल्याच."

मालुबाईचे हात थांबले. "घरात मी तिला तसं शिकिवलेलं न्हाय, टीचर," ती म्हणाली, आणि पदरातली उरलेली रताळी टेबलावर तशीच सोडून गेली.

यानंतरचं सगळं इतकं हळू झालं, की रचना टीचरला नेमकी सुरुवात कुठं झाली ते पुढं सांगता येईना. बहुतेक त्या दुपारी, जेव्हा ती फळ्यावर लिहीत होती आणि मागं पेटीनं "ऋतिका" असं नाव घेतलं. लांबवून घेतलं, शेतातनं कुणाला बोलवावं तसं. तिनं वळून बघितलं. ऋतिका "हजर टीचर" म्हणून मोकळी झाली होती. शाळा सुटल्यावर टीचरनं मोबाईलवर ते नाव परत-परत लावून बघितलं. बांगडी वाजत होती आणि लगेच आखूड, कोरडं, शाळेतलं "ऋतिका". लांबवलेलं कुठंच नव्हतं. चार्जिंग कमी असेल, आवाज ओढला असेल, असं म्हणून तिनं मोबाईल पिशवीत टाकला.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत पोरं अंगणात खेळत होती. पेटी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं, किल्ली टीचरच्या कमरेला. ऋतिका पळता पळता थांबली. तळ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "हजर टीचर."

टीचर तिच्या पाठीमागं, नळापाशी डबा धूत होती.

"कुणाला म्हणालीस गं?"

"तुमाला."

"मी हाक मारली नाही."

ऋतिकानं वळून तिच्याकडं बघितलं. तोंडाकडं बघितलं. "तितनं मारली की," ती म्हणाली, आणि बागेकडं बोट केलं.

पुढच्या दिवसांत भरमूनं तसंच केलं. मग आणखी दोघांनी. पाटीवर लिहिता लिहिता मान वर करायची, खिडकीतनं बाहेर बघायचं, "हजर टीचर" म्हणायचं आणि परत खाली मान घालून लिहायला लागायचं. टीचरला काहीच ऐकू यायचं नाही. तिनं स्वतःची समजूत घालून बघितली. सवय लावली आपणच, चांदणीच्या आशेनं पोरं वाऱ्यालाही हजर म्हणायला लागली. एका दुपारी ती तळ्याच्या बांधापर्यंत जाऊनही आली. बाग नुसती उभी होती. वाळलेला पाला, एक फुटकं मडकं. काजूचा हंगाम नव्हता, तिथं माणूस येण्याचं कारणच नव्हतं. ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली, आणि परत येताना विनाकारण भराभर चालली.

त्या आठवड्यात तिचा आवाज आणखी उतरला. सकाळी चार शब्द निघायचे, दुपारी नुसती घरघर. "एन्री टीचर, रजा घ्या की," यल्लाप्पा सर कानडी हेल काढून म्हणाले. रजा तिची केव्हाच संपली होती.

पेटी बंद करायची हे तिला कळत होतं. पण पेटी बंद केली आणि ऋतिका परत गप्प झाली तर? त्या एका पोरीच्या "हजर"पायी ती आणखी थोडे दिवस थांबली. यात तिची चूक झाली असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं ती पोर आधी बघितलेली नव्हती.

शेवटी ज्या दिवशी अर्धा वर्ग एकदम मान वर करून एकाच खिडकीकडं बघायला लागला, त्या दिवशी तिनं पोरांच्या देखत पेटी फोडली. मोबाईलमधली सगळी नावं पुसून टाकली. मग खुर्चीवर बसली, पोरांना जवळ बोलावलं आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "नीट ऐका. आजपासून नवीन नियम. एका हाकेला कुणीही ओ द्यायची नाही. मी मारली तरी नाही. परत हाक आली तरच बोलायचं. दुसरी हाक म्हणजे माणूस. कळलं?"

"कळलं टीचर."

"ऋतिका, कळलं?"

ऋतिका गप्प राहिली. टीचर खुर्चीतनं अर्धवट उठली. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं परत विचारलं, "ऋतिका, कळलं?"

"कळलं टीचर," ऋतिका हसून म्हणाली.

सगळी पोरं हसली. दारात उभ्या असलेल्या अक्काताईनंही मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी वर्गात हलकं वाटलं. उकडत होतं, म्हणून तळ्याकडच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

शनिवारची शाळा दुपारीच सुटली. पोरं पांगली. टीचर कुलूप लावून बसची वेळ बघत व्हरांड्यात उभी होती. तिची नजर सहज शेतांवरनं गेली.

ऋतिका तळ्याच्या बांधावर होती. घराची पायवाट मागं राहिली होती. पाठीवरची पिशवी हलत होती आणि ती आपल्या चालीनं बागेकडं चालली होती.

टीचर पळत सुटली. भाताच्या बांधावरनं, चप्पल सोडून. थोडं जवळ आल्यावर थांबली, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव घशात आणून हाक मारली, "ऋतिका!"

हाक निघाली. फाटकी, पण निघाली. आणि तिच्याबरोबर घशातलं काहीतरी तुटल्यासारखं झालं.

ऋतिका थांबली. वळली. तिनं टीचरला बघितलं आणि हसली.

पण ओ दिली नाही.

टीचरनं परत तोंड उघडलं. नुसता वारा आला. तिनं घसा दाबला, परत जोर लावला. काही नाही. दोन्ही हात हलवून तिनं "ये, ये" म्हणून खुणावलं.

ऋतिका तिथंच उभी. ओठ मिटलेले. शहाण्या पोरीसारखं तिनं एक बोट वर करून दाखवलं. एक झाली.

टीचर पळायला लागली.

तेवढ्यात बागेतनं, अगदी जवळून बांगडी वाजली.

"ऋतिका."

मोकळा, स्वच्छ आवाज. त्या सकाळचा. तिचा.

ऋतिकानं बागेकडं तोंड केलं.

"हजर टीचर."

टीचरनं तिला गाठलं, दंडाला धरलं, उचलून छातीशी लावलं. पोरगी उबदार होती. हाताला चिखल लागलेला, केसांना तेलाचा वास. बागेत कुणी नव्हतं, पानही हलत नव्हतं. सापडली, सापडली, एवढंच टीचरच्या डोक्यात चाललं होतं. मालुबाईच्या दारापर्यंत तिनं पोरीला खाली ठेवलं नाही.

मालुबाई उंबऱ्यात बसली होती. टीचरला सांगायचं होतं, पण आवाज कुठला. मालुबाईनं नातीकडं बघितलं.

"ऋतिका, भूक लागली व्हय गं?"

पोरगी बघत राहिली.

"ऋतिका," मालुबाईनं परत हाक मारली. "भूक लागली?"

मग मालुबाईनं टीचरकडं बघितलं. पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि दार आतनं लावून घेतलं.

पुढं ऋतिका शाळेत येत राहिली. जेवायची, लिहायची, चित्र काढायची, सांगितलेलं सगळं करायची. घरातसुद्धा आता ती बोलत नव्हती. डॉक्टरनं टीचरला एक महिना बोलणं वर्ज्य केलं, म्हणून यल्लाप्पा सरांनी दोन्ही खोल्यांतली पोरं एका खोलीत बसवली. टीचर मागं पोरांमध्येच सतरंजीवर बसायची आणि बोटांनी पाढे शिकवायची. ऋतिका तिच्या मांडीला लागून बसायची.

एका सोमवारी सरांनी हजेरी घेतली. सरांचं हजेरी घेणं म्हणजे मान खाली आणि पेन हातात. वाडीची रीत आता त्यांनाही माहीत झाली होती.

"भरमू. भरमू."

"हजर सर."

"ऋतिका."

टीचरनं शेजारी बघितलं. ऋतिका पाटीवर घर काढत होती. ओठ मिटलेले होते. पुढं बसलेल्या पोरांपैकी एकानंही तिच्याकडं वळून बघितलं नाही. ती सगळी खिडकीकडं बघत होती.

"ऋतिका," सरांनी परत हाक मारली.

"हजर सर," तळ्याच्या पलीकडनं बारीक, आनंदी आवाज आला.

सरांनी मान वर न करता खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.